त्यात कोणी मरत नाही

सुमेधच्या सिनेमात आवाजाचं काम करणारी गौरी आली तेव्हा मी मेथी निवडत होते. ती चप्पल न काढता सरळ स्वयंपाकघरात शिरली, म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाली, "आजी, सुमेध गेला." मी म्हटलं, "कुठं गेला? सकाळी तर किल्ली देऊन गेलाय माझ्याकडं." मग ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली... सुमेध माझा भाडेकरू. हडपसरच्या आमच्या घरात वरच्या खोलीत राहायचा. वाघोलीच्या एका कॉलेजात आपला सिनेमा दाखवायचं बोलणं करायला निघाला होता आणि नगर रस्त्यावर डंपरनं त्याची गाडी उडवली. महिना उलटून गेला आता. पहिल्याच आठवड्यात गल्लीतल्या बायका मला हळूच विचारायला लागल्या, "नक्की अपघातच ना हो? तसले सिनेमे काढायचा म्हणे." त्यांना सांगितलं तेच इथं सांगते. डंपर उलट्या बाजूनं आला. सुमेधला मरायचं नव्हतं. संध्याकाळी मेथीचे पराठे करा, असं सांगून गेला होता तो.

सिनेमाचं त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. त्याला माझं स्वयंपाकघर हवं होतं आणि सिनेमातली आजी म्हणून मीही हवी होते. मी विचारलं, गोष्ट काय आहे? "दोन मुलगे आहेत, अकरावीतले. एकाच बसनं कॉलेजला जातात. एकमेकांच्या प्रेमात पडतात." मी म्हटलं, "बरं. आणि शेवटी मरतं कोण?" कारण टीव्हीवर असलं काही लागलं की शेवटी एकानं फास घ्यायचा नाहीतर रुळावर जायचं, हे मी पाहिलेलं. तो हसायला लागला. म्हणाला, "आजी, पैसे लावणारे पण हेच म्हणतात, एकाला मारा म्हणजे लोक रडतील. म्हणून मी त्यांना सोडलं. माझ्यात कोणी मरत नाही. शब्द देतो." मी म्हटलं, मग करते. नंतर कधीतरी चहा पिताना म्हणाला, ही थोडी माझीच गोष्ट आहे. मी विचारलं, "मग ते दुसरं पोरगं कुठंय?" "बंगलोरला. लग्न केलं त्यानं." "म्हणजे तुझा शेवट खोटा." "शेवट नाहीच आजी. दोघं बसमधून उतरतात आणि चालायला लागतात. एवढंच."

मला त्यानं एक वाक्य लिहून दिलं होतं. प्रेमाला धर्म नसतो, जात नसते, असलं काहीतरी लांबलचक. मी म्हटलं, चुलीपुढं बसून असं कोण बोलतं? नातवाला भूक लागलीय, भाकरी गार होतेय आणि म्हातारी भाषण करतेय! "मग तुम्ही काय म्हणाल?" मी म्हटलं, मी काही म्हणणार नाही, दुसरं ताट मांडीन आणि विचारीन, तो येणारे का जेवायला?  सुमेधनं तो कागद फाडून टाकला. ते दृश्य करताना नातवाचं काम करणाऱ्या पोराला इतक्या वेळा पिठलं-भाकरी खायला लावली की शेवटी मीच ओरडले, "आता याला उलटी झाली तर ती पण सिनेमात घे!"

एक गोष्ट मात्र मला त्याची विचित्र वाटायची. काम संपलं, सगळे उठायला लागले की तो ओरडायचा, "कोणी हलायचं नाही!" मग सगळ्यांनी जिथल्या तिथं गप्प उभं राहायचं, पंखा बंद, आणि गौरी काठीला बांधलेला केसाळ माइक धरून नुसती शांतता भरून घ्यायची. मी म्हटलं, यात काय भरतेस, डोंबल? सुमेध म्हणाला, "प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आजी. दोन वाक्यांच्या मधे तीच लावावी लागते, नाहीतर आवाजाला भोक पडतं." पण त्याचं स्वतःचंच नाक वाजायचं. श्वास घेतला की बारीक शीळ. गौरी वैतागायची, "दादा, तू बाहेर जा ना, तुझं नाक येतंय सगळीकडं." तो बाहेर जायचा आणि दाराच्या फटीतून मला वेडावून दाखवायचा.

त्याची आई वारज्याला राहते. सिनेमाचं कळल्यावर तिनं त्याला एवढंच म्हटलं होतं, "दुसरा विषय नव्हता का?" ती माझ्या घरी आली ती थेट त्याचं सामान न्यायला. गौरीनं तिला सांगितलं, सिनेमा आम्ही पुरा करतोय. तेव्हा ती म्हणाली, शेवटी त्याचा फोटो लावा, हार घातलेला, खाली दोन्ही तारखा. सिनेमाच्या सगळ्या मुलांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "नाही. त्यानं मला शब्द दिलाय. फोटो लागला की लोक म्हणतील, बघा, शेवटी मेलाच. त्यांना तेच हवं असतं, ताई." ती एकदम उसळली. "मावशी, तुमचा तो भाडेकरू होता. माझा मुलगा होता. मग त्यानं कुठंच दिसायचं नाही का?"  बाईचं काही चुकत नव्हतं...

गौरीनं लॅपटॉप उघडला. म्हणाली, "काकू, हे खराब झालं म्हणून बाजूला ठेवलं होतं." आधी काहीच ऐकू येईना. मग माझा फ्रिज, शेजारच्या कुकरची शिट्टी, लांब कुठंतरी रिक्षा. आणि त्या सगळ्यात ती बारीक शीळ. आत, बाहेर. आत, बाहेर. तो त्याच स्वयंपाकघराचा आवाज होता आणि आम्ही त्याच स्वयंपाकघरात बसलो होतो. आई म्हणाली, "नाकाचं हाड वाढलं होतं त्याचं. ऑपरेशन करून घे म्हणून मागं लागले होते मी." मग म्हणाली, "परत लाव." गौरीनं परत लावलं. तिसऱ्यांदा ऐकून ती उठली, त्याच्या कपड्यांची पिशवी उचलली आणि दारातून म्हणाली, "फोटो राहू दे. हे लावा."

गेल्या रविवारी एका छोट्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. आई शेवटच्या रांगेत बसली होती. दोघं पोरं बसमधून उतरतात, चालायला लागतात, पडदा काळा होतो आणि माझं स्वयंपाकघर ऐकू येतं. माझ्या पुढचा माणूस बायकोला म्हणाला, "साउंडमध्ये काहीतरी गडबड आहे." मी त्याला म्हटलं, "गप्प बसा."

वरची खोली अजून कुणाला दिली नाही. मिक्सर बंद केला, नळ बंद केला की घर एकदम शांत होतं आणि मग मला ती शीळ ऐकू येते, दाराच्या फटीकडून. भास आहे, मला कळतं. या वयात कानात काय काय वाजतं. तरी हातातलं काम तसंच धरून मी जिथल्या तिथं उभी राहते. हलत नाही.