समुद्रकाठी सासूबाईंपाशी

देव आपलं ऐकतो का, हा प्रश्न त्या उन्हाळ्यापर्यंत माझ्या मनात कधी आला नव्हता. सोलापूरच्या आमच्या घरात देवाचं सगळं सासूबाई बघायच्या. पहाटे उठून त्या सिद्धरामेश्वराला जायच्या, तळ्याच्या कडेनं परत यायच्या आणि ओल्या पदरानं देवघर पुसायला बसायच्या. मी मागून दिवा लावायचे, हात जोडायचे, एवढंच. माझी भक्ती त्यांच्या भक्तीच्या आडोशाला उभी होती म्हणा ना. तो आडोसा एका सकाळी कोसळला. देवघरासमोरच त्या एका अंगावर कलंडल्या. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. पूर्ण गेली. हूं की चूं नाही.

आमचे हे गिरणीच्या कचेरीत कारकून. त्यांनी होते नव्हते ते सगळे उपाय केले. शेवटी गावातले एक वयस्क डॉक्टर म्हणाले, "इथल्या उन्हाळ्यात त्या टिकायच्या नाहीत. कोकणात समुद्रकाठी एक आरोग्यधाम आहे. अशा रोग्यांना तिथं महिनोन्‌महिने ठेवून घेतात, तेल लावतात, चालायला शिकवतात. तिकडं न्या." घरात फार चर्चा झाली नाही. यांना रजा मिळेना, तेव्हा मीच सोबत जायचं ठरलं. निघताना दूध घालणाऱ्या गवळणकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. सासूबाईंच्या पायांना हात लावून मला म्हणाल्या, "लई लांब नेताय की हो त्यास्नी. तितं त्यांचं कोन हाय?" मी म्हटलं, "मी आहे ना." म्हटलं खरं, पण माझाच आवाज मला खोटा वाटला.

कोल्हापूरपर्यंत आगगाडी आणि पुढं मोटारीनं घाट उतरून आम्ही पोहोचलो. आरोग्यधाम म्हणजे एक लांबच लांब कौलारू चाळ. पुढं रुंद ओटी, ओटीपुढं सुरूची झाडं आणि झाडांपलीकडं समुद्र. मी साताऱ्याची, समुद्र तोवर पाहिला नव्हता. लोक म्हणतात, समुद्र पाहून मन शांत होतं. मला त्याची भीतीच वाटली. तो सारखा काहीतरी बोलत असतो आणि आपल्याला त्यातलं अक्षर कळत नाही. पलंगावर सासूबाई मुक्या, आणि बाहेर हा बोलभांड.

तिथली माणसं मात्र चांगली होती. खोल्याखोल्यांतून म्हातारी, अपंग, दीर्घ दुखण्यातून उठलेली माणसं राहत होती. सकाळी सगळ्यांना ओटीवर आरामखुर्च्यांत बसवत, उन्हं वर आली की आत नेत, दुपारी पेज, संध्याकाळी तेलाचं मालीश. मार्थाबाई नावाच्या एक पोक्त परिचारिका होत्या. सासूबाईंचा लुळा हात त्या अशा उचलायच्या, जसं झोपलेलं मूल उचलावं. त्यांच्या हाताला गुण होता. थोड्याच दिवसांत सासूबाई आधारानं बसू लागल्या. मी घरी कळवलं, देवानं पाहिलं आपल्याकडं.

आणि मग एका दुपारी सासूबाईंच्या तोंडून आवाज आला.

आनंदानं मी पलंगापाशी धावले. पण त्या आवाजाला अर्थच नव्हता. अर्ध्या ओठांतून लाळेबरोबर काहीतरी घसरत होतं. "ब्याड, ब्याड," असं म्हणायच्या. मधूनच "बाई... उरी..." असं काहीसं. मी विचारायचे, "आई, कुठली बाई? उरात दुखतंय का?" त्या माझ्याकडं बघायच्या, पुन्हा तेच म्हणायच्या, आणि मला कळलं नाही की डोळे मिटून घ्यायच्या. मी आरोग्यधामाच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी छाती तपासली, पाठ तपासली. छातीत काही नव्हतं. दिवसेंदिवस आवाज वाढत गेला आणि खाणं सुटत गेलं. पेजेचा चमचा ओठांशी नेला की त्या मान फिरवायच्या, दात घट्ट आवळायच्या. तोंडाला चव यावी म्हणून मार्थाबाईंनी कोकमाचं सार आणलं, तर पहिल्याच घोटाला सासूबाईंनी ते थुंकून टाकलं आणि चांगल्या हातानं मार्थाबाईंच्या मनगटावर ओरखडा काढला. मार्थाबाईंनी रक्त पुसलं आणि वाटी उचलून त्या गेल्या. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जन्मात कुणाला अरे-तुरे न केलेली माझी सासू!

एकदा शेजारच्या खोलीतले वृद्ध गृहस्थ अगदी ओशाळून म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण त्यांच्या ओरडण्यानं आमच्या मंडळींच्या छातीत धडधडतं." राग कसला मानणार? ओरडणं ऐकून माझ्याच छातीत धडधडत होतं. बाकीचा वेळ सासूबाई गालावर हात ठेवून भिंतीकडं तोंड करून बसायच्या. आम्ही समजत होतो, दुःख करतायत.

शेवटी डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. ते मनानं मऊ होते. बोलताना टेबलावरचा कागददाब उगाच फिरवत राहिले.

"बाई, स्पष्ट बोलतो. शरीर सुधारतंय, पण बुद्धीवर परिणाम झालेला दिसतो. अशा रोग्यांना इथं ठेवून घेता येत नाही, तसा संस्थेचा नियमच आहे. आणि त्या खात नाहीत. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल."

"मग मी काय करू?"

"देशावर मनाच्या रोग्यांचं इस्पितळ आहे. तिथं न्यावं असं माझं मत. पावसाळा तोंडावर आलाय, एकदा घाट बंद पडला की जाणं कठीण. यजमानांना विचारून लवकर ठरवा."

मी यांना तार केली. उत्तर आलं, तुला योग्य वाटेल ते कर, मी निघायचा प्रयत्न करतो. मला योग्य वाटेल ते! मला काहीच योग्य वाटत नव्हतं. ज्या बाईनं मला, साताऱ्याच्या एका आईवेगळ्या मुलीला, पोटच्या पोरीसारखं वागवलं, तिला वेड्यांत नेऊन टाकायचं? आणि न टाकावं, तर उपाशी मरू द्यायचं?

तोवर मी सगळे नवस बोलून चुकले होते. सिद्धरामेश्वराला अभिषेक, देवीची ओटी, सोळा सोमवार, अनवाणी प्रदक्षिणा. रोज एखादा नवा नवस, जणू मंडईत घासाघीस चालली होती आणि देव काही भाव सोडत नव्हता. त्या संध्याकाळी सासूबाईंना मार्थाबाईंच्या हवाली करून मी सुरूच्या झाडांतून पाण्यापर्यंत गेले. समुद्र खवळलेला होता. हात जोडायला गेले, तर जोडून म्हणायला काही उरलंच नव्हतं. रडूही आलं नाही. मनात एवढंच आलं, की सिद्धरामा, माझी बुद्धी संपली. ही तुझी आहे, माझ्या आधीपासून तुझी आहे. ठेवायची तर ठेव, न्यायची तर ने. मी आता काही मागत नाही. कुणावर रागावून म्हटलं असं नाही, की फार श्रद्धेनं म्हटलं असंही नाही. थकलेलं माणूस डोक्यावरचा भारा खाली टाकतं, तसं झालं. मग मी परत आले, पाय धुतले आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे उद्या देशावर निघायचं म्हणून ट्रंक भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिणेकडून आगबोट आली. समुद्र इतका वर-खाली होत होता, की उतारूंना किनाऱ्यावर आणणारा पडाव दोनदा मागं फिरला म्हणे. त्या बोटीतून धारवाडकडचं एक प्रौढ जोडपं मुंबईला चाललं होतं. यजमानांना बोट अशी लागली होती, की ते ओकून ओकून निपचित पडले. पुढचा प्रवास त्यांना झेपणार नाही म्हणून दोघं आमच्याच बंदरात उतरली, आणि जवळपास डॉक्टर कुठं आहे विचारत आरोग्यधामात आली. डॉक्टरांनी गृहस्थांना एका रिकाम्या पलंगावर निजवलं. त्यांच्या पत्नी, गंगाबाई त्यांचं नाव, ओटीवर बाकावर टेकल्या. बाक नेमका आमच्या खोलीच्या दाराशी होता.

आत माझी शेवटची खटपट चालू होती. निघण्यापूर्वी दोन चमचे तरी पोटात जावेत म्हणून मी पेज घेऊन बसले होते, आणि सासूबाई मान हलवत ओरडत होत्या. एकाएकी दारात सावली पडली. हिरव्या इरकली लुगड्यातल्या, कपाळभर कुंकू लावलेल्या एक बाई आत डोकावत होत्या. मला लाज वाटली. म्हटलं, "क्षमा करा हं, यांचं जरा डोकं..."

"डोक्याला काय झालंय त्यांच्या?" त्या म्हणाल्या. "त्या बोलायलेत की! कानडी बोलायलेत!"

गंगाबाई सरळ आत आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या, सासूबाईंचा चांगला हात त्यांनी हातात घेतला आणि कानडीत काहीतरी विचारलं. सासूबाईंची मान हलायची थांबली. त्यांनी त्या अनोळखी बाईच्या तोंडाकडं टक लावून पाहिलं. मग त्यांच्या घशातून जे निघालं ते ओरडणं नव्हतं. हळू, तुटक, पण प्रश्नाला दिलेलं उत्तर होतं ते. मी हातातली वाटी खाली ठेवली.

"अहो, त्यांना पेज नकोय," गंगाबाई माझ्याकडं वळून म्हणाल्या. "ब्याड म्हणजे नको. बायि म्हणजे तोंड. बायि उरितद म्हणायलेत, तोंडात आग व्हायलीय म्हणून. कधीपासनं सांगायलेत त्या?"

मार्थाबाई धावतच डॉक्टरांना घेऊन आल्या. गंगाबाईंनी कानडीत समजूत घातली, तेव्हा सासूबाईंनी आपण होऊन तोंड उघडलं; तोवर तपासायला गेलं की त्या दात आवळून घ्यायच्या. डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड टाकला. उजवीकडची दाढ तुटून तिचा कंगोरा झाला होता, आणि लुळ्या पडलेल्या गालात तो रुतून रुतून मोठा व्रण पडला होता. त्या व्रणावर आम्ही दोन वेळा मिठाची गरम पेज ओतत होतो. वर कोकम. माझे डोळे भरून आले. वेड लागलेलं नव्हतं. माझी आई महिनाभर जिवाच्या आकांतानं "दुखतंय" एवढंच सांगत होती.

त्याच दिवशी डॉक्टरांनी दाढेचा तुकडा काढला. मार्थाबाईंनी व्रणाला मध लावला. गार दुधात कालवलेला मऊ भात सासूबाईंनी वाटीभर खाल्ला आणि त्या शांत झोपल्या. डॉक्टर ओटीवर आले आणि मला म्हणाले, "ट्रंक सोडा, बाई. कुठं जायचं नाही." मग पुढं म्हणाले, "मेंदूच्या अशा दुखण्यात कधी कधी पुढं शिकलेली भाषा जाते आणि लहानपणची राहते, असं वाचलं होतं. पाहिलं आज."

सासूबाईंचं माहेर अक्कलकोटच्या बाजूच्या कुठल्याशा खेड्यातलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्या लहानपणीच लग्न होऊन सोलापुरात आल्या, आणि मागं गावात प्लेगनं माहेरचं एकही माणूस ठेवलं नाही. यांनी आजोळ पाहिलंच नव्हतं. सोलापुरात कानडी माझ्याही कानांवर रोज पडायची. पण ती बाजारातली, दुसऱ्यांच्या घरची. सासूबाईंच्या तोंडून, तीही अशी मोडून आलेली, मला ओळखू आली नाही. गंगाबाईंनी त्यांना विचारून मला सांगितलं, की लग्नानंतर घरात सगळे त्यांच्या बोलीला हसायचे, म्हणून त्यांनी ती बोलणंच सोडून दिलं होतं. बोलायला माहेरचं तरी कोण उरलं होतं?

गंगाबाई आणि त्यांचे यजमान पुढची बोट येईपर्यंत राहिले. त्या रोज सासूबाईंपाशी बसत. जाताना मला चार-सहा शब्द घोकून घ्यायला लावले: पाणी, भात, दुखतं, झोप, उठा, पुरे. निरोप घेताना मी त्यांच्या पाया पडू लागले तर त्यांनी मला वर उठवलं. म्हणाल्या, "मी कुठं काय केलं? यांना बोट लागली म्हणून उतरले." पुढं त्यांची माझी भेट झाली नाही.

या घडल्या गोष्टीचा अर्थ लावायला मला कुणी सांगितलेलं नाही, आणि तेवढी माझी योग्यताही नाही. समुद्र खवळतो, माणसांना बोट लागते, माणसं वाटेत उतरतात. यात आश्चर्य ते काय? मला माझ्यापुरतं एवढंच कळतं, की जोवर मी मागत होते तोवर माझ्याच आवाजानं माझे कान भरलेले होते. भारा खाली ठेवला आणि दारात कुणीतरी उभं राहिलं. मी बोललेले नवस नंतर एकेक करून फेडले, पण फेडताना वाटायचं, ज्यानं माझ्याकडून काहीच ठरवून घेतलं नाही त्याला मी हे काय देतेय!

पावसाळा आम्ही तिथंच काढला. सासूबाईंची मराठी हळूहळू, अडखळत परत येऊ लागली. कानडी गेली नाही. दोन्ही मिसळून त्या बोलत. गंगाबाई गेल्या त्याच आठवड्यातली एक दुपार मला आठवते. सासूबाईंना भरवून, तोंड पुसून मी वाटी घेऊन उठत होते, तेवढ्यात त्यांनी माझा पदर धरला आणि काहीतरी विचारलं. मला कळेना. त्यांनी चिडचिड केली नाही, न कंटाळता पुन्हा विचारलं, "ऊटा आतेन?" मग वाटीकडं बोट केलं आणि ते बोट माझ्या पोटाला लावलं.

जेवलीस का, असं विचारत होत्या. आरोग्यधामात आल्यापासून मला ते कुणी विचारलं नव्हतं, आणि मी खरंच जेवले नव्हते. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी डाव्या हातानं मला पलंगावर बसवून घेतलं, आणि मार्थाबाई माझं ताट घेऊन येईपर्यंत पदर सोडला नाही. त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून उचललेला पहिला घास मी मनात सिद्धरामाला दाखवला आणि मगच तोंडात घातला.