यंदाची लस, जुना शर्ट

विंझरचे एक शेतकरी दर वर्षी नसरापूरला माझ्या दवाखान्यात फ्लूची लस घ्यायला येतात. चष्मा घरी राहिलेला असतो, तरी खोका उलटासुलटा करून बघतात आणि विचारतात, "यंदाचीच हाय न्हवं? गेल्या सालची नगं."

विषाणू रूप बदलतो म्हणून लसही बदलावी लागते, असं मीच त्यांना एकदा समजावलं होतं. ते म्हणाले, "म्हंजी आमच्या बुजगावण्यावानी. रानडुकरं एका शर्टाला किती दिस भ्यायची?" तेव्हापासून लस टोचून झाली की ते माझा एक जुना शर्ट मागून नेतात. वेल्ह्याला जाताना एसटीच्या खिडकीतून बघावं, तर भातात मीच हात पसरून उभा असतो.

यंदा लस घेऊनही त्यांना फ्लू झाला. ते खोकत आत आले, तशी मी मनात सारवासारव सुरू केली. पण बाकावर टेकत तेच म्हणाले, "डुकरं आली व्हती, डाक्टर. पर कडंकडंचंच खाऊन गेली."

पूर्वी, लस घ्यायला लागण्याआधी एका साली हेच गृहस्थ फ्लूने ऑक्सिजनवर होते. मी छाती तपासली. साफ होती. माझाच जीव भांड्यात पडला.

गोळ्या खिशात घालून ते दारात थांबले आणि माझ्या अंगावरच्या नव्या चौकड्याच्या शर्टाकडे निरखून बघू लागले.

"मागल्या खेपंचा डुकरांच्या वळखीचा झालाय," ते म्हणाले. "ह्यो कवा जुना हुतोय?"