तीन महिन्यांनी दाखवा

स्कॅनच्या खोलीतून सासूबाईंना बाहेर आणणाऱ्या सरदारजींना मी विचारलं, "कैसा है?" ते दाढीतल्या दाढीत हसून म्हणाले, "चढदी कला, जी." चंडीगढला बदली होऊन मला थोडेच महिने झाले होते, आणि आमच्या सोलापूरकडे कळा चढायला लागल्या की माणसाला दवाखान्यात न्यायचं असतं. मी भिंत धरली.

"कब से?"

"हमेशा," ते म्हणाले.

बाकावरच्या एका बाईंनी माझा चेहरा बघून समजावलं, की हे इकडचं 'मजेत आहे' आहे. मी त्यांनाच 'कसं काय' विचारतोय असं समजून त्यांनी आपली खुशाली सांगितली होती. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, स्कॅन माझा झाला. घाम तुम्हाला का?"

सासूबाईंच्या छातीतली गाठ काढली होती, रेडिएशनचे शेकही देऊन झाले होते. विश्रांतीला त्या लेकीकडे, म्हणजे आमच्याकडे, आल्या होत्या. आता या स्कॅनमध्ये सगळं ठीक निघालं की धाकट्या सुनेच्या बाळंतपणाला सोलापूरला परत, असं ठरलेलं.

रिपोर्ट आला. यकृतावर अस्पष्ट सावली. रोग परतल्याचा संशय, पण साधी जुनी खूणही असू शकेल. डॉक्टर सासूबाईंकडे न बघता माझ्याशी इंग्रजीत बोलले. जणू यकृत माझं होतं आणि त्या सोबतीला आल्या होत्या.

"पर डॉक्टरसाब, है या नहीं?" मी विचारलं.

"अभी कुछ नहीं कह सकते. तीन महीने बाद दिखाइए."

आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

पंजाबातल्या दहशतवादाच्या त्या दिवसांत सगळं शहरच संशयावर चालत होतं. चौकाचौकांत वाळूच्या पोत्यांमागे जवान. बसमध्ये चढताना जेवणाचा डबा उघडून दाखवायचा. बाजारात बेवारस पिशवी दिसली की दुकानांची शटरं खाली. त्याला माझी हरकत नव्हती. पिशवीत काय आहे ते निदान त्याच दिवशी कोणीतरी बघायचं. आम्हाला मात्र सांगितलं होतं की पिशवी घरी न्या, तीन महिने तिच्याशेजारी जेवा, झोपा, आणि मग बघू. हे सांगताना त्या माणसाला 'माफ करा' एवढंही म्हणवलं नाही.

परतताना नाक्यावर रिक्षा थांबवली. जवानाने रिपोर्टच्या पाकिटातून स्कॅनची फिल्म ओढली, उन्हाकडे धरली. "ये काला-काला क्या है?"

"पता चले तो हमें भी बताना," मी म्हणालो. बंदूकवाल्याशी बोलायचा तो सूर नव्हे. सासूबाईंनी माझी बाही ओढली आणि आपल्या सोलापुरी हिंदीत त्याला म्हणाल्या, "बेटा, मेरा कलेजा है वो. संभालके अंदर डाल."

त्याने दोन्ही हातांनी फिल्म परत पाकिटात सरकवली. डॉक्टरांपेक्षा जपून.

घरी आल्यावर मी बूटही न काढता डॉक्टरांचा, यंत्राचा आणि सरकारचा उद्धार सुरू केला. बायको ऐकत होती. सासूबाईंनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

"तीन महिने त्यांना काही कळणार नाही ना? मग मी सोलापूरला जाते. सुनेचे दिवस भरत आलेत."

"काही जायचं नाही," मी म्हणालो. "तिथे काही झालं तर कोण बघणार? आणि या दिवसांत गाडीचा प्रवास? पक्का रिपोर्ट येईपर्यंत इथून हलायचं नाही."

डॉक्टरांसमोर काढायला हवा होता तो आवाज मी आता सासूबाईंसमोर काढला होता.

"रिपोर्ट आलाय की," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यात काही लिहिलेलं नाही, एवढंच." आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन बाहेर ओट्यावर निवडायला बसल्या.

त्या बाहेर गेल्यावर बायकोने भांडं उचललं.

"अहो, डॉक्टरांवरचा राग आईवर काढू नका. उद्या तिचं तिकीट काढा." मग आत जाता जाता म्हणाली, "परतीचंही काढा."