गोल्डियनची पिल्लं माझ्याकडे होती तेव्हा

माझ्या बाल्कनीत सहा वर्षं बेंगलीज फिंच आहेत. तपकिरी-पांढरे, चिमणीहून लहान, दिसायला अगदीच साधे. त्यांना बघायला आमच्या जुईनगरच्या सोसायटीतलं काळं कुत्रंही कधी फिरकलं नाही. मग वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलानं आईसाठी गोल्डियन फिंचची जोडी आणली आणि त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायला लागला.

मीही गेले. तोंडदेखलं "छान आहेत हो" म्हणाले. खरं सांगायचं तर पोटात दुखलं. नराचं तोंड लालभडक, छाती जांभळी, पोट पिवळं, पाठ हिरवी. रंगवणाऱ्याला कुठे थांबावं हे कळलंच नसावं. जिला राळा आणि बाजरी यातला फरक सांगावा लागला, तिच्याकडे हा पक्षी! आणि चोची घासायला समुद्रफेस कुठे चांगला मिळतो हे तोंडपाठ असलेली मी मात्र तपकिरी पाखरांची मालकीण. घरी येऊन मी माझ्या बेंगलीजकडे उगाचच रागानं बघितलं.

गोल्डियन मूळचा उत्तर ऑस्ट्रेलियातल्या गवताळ रानातला. तिथे तो झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, गवताचं बी खातो. आपल्या खाडीकाठच्या गवतातही लाल मुनिया असतात, पण त्या पाळायला कायद्यानं बंदी. हे परदेशी मात्र कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले, आणि पिंजऱ्यात त्यांच्यातले काही आईबाप होणं विसरतात. वहिनींच्या मादीनं दोनदा अंडी घातली आणि दोन्ही वेळा ती तशीच थंड होऊ दिली. ते ऐकून मला बरं वाटलं, लपवण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या वेळी वहिनी वाटीत कापूस आणि कापसात चार अंडी घेऊन माझ्या दारात उभ्या.

"ताई, खूप टेन्शन आलंय हो. दिघ्याचा तो पक्षीवाला म्हणतो, बेंगलीजखाली ठेवा, ते कुणाचीपण पिल्लं वाढवतात. ठेवाल?"

"द्या की, त्यात काय," मी म्हणाले.

"फक्त एक बजावलंय त्यानं. दीड महिन्यात पिल्लं स्वतः दाणे फोडायला लागली की लगेच वेगळी करायची. जास्त राहिली तर नर बेंगलीजलाच आपली जात समजतो. मग गोल्डियन मादीकडे ढुंकून बघत नाही."

मी मान डोलावली. शेवटी तिला माझ्याकडे यावं लागलं, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

चारांतल्या तीन अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. गोल्डियनच्या पिल्लाच्या तोंडाच्या कोपऱ्यांत निळसर मणी असतात. ढोलीतल्या अंधारात आईला चोच कुठे घालायची ते त्यावरून कळतं. माझ्या बेंगलीज मादीनं असले मणी जन्मात पाहिले नव्हते. तिनं पाहिलं फक्त उघडं तोंड, आणि भरवत सुटली. मी रोज उकडलेलं अंडं कुस्करून ठेवायचे, राळा भिजवायचे, सकाळचा चहा पिंजऱ्यासमोर घ्यायचे. अशात एक दिवस सोसायटीच्या ग्रुपवर वहिनींनी फोटो टाकला, माझ्या बाल्कनीत काढलेला. खाली लिहिलं होतं, "आमची पिल्लं". एकोणतीस अंगठे आले आणि माझं नाव कुठेच नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

दीड महिना झाला. तिघंही टकाटक दाणे फोडत होती. वहिनींनी जिन्यात विचारलं, "नेऊ का हो आता?"

"छे, अजून भरवून घेतात," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात तेच सांगितलं. त्या खाली आल्या की मी पिंजऱ्यावर फडकं टाकायचे आणि माणसांना बिचकतात म्हणायचे. बजावलेलं सगळं मला आठवत होतं. पण रंग यायच्या आत ही पोरं वर गेली असती तर कौतुक पुन्हा तिच्याच दारात झालं असतं. आणखी अडीच महिने मी त्यांना अडकवून ठेवलं. त्यातल्या एकाचं राखाडी तोंड ठिपक्या-ठिपक्यानं लाल झालं, ते पहिल्यांदा मी पाहिलं. मग दिली.

तो एकटाच नर निघाला, बाकीच्या दोघी त्याच्या बहिणी. त्याच्यासाठी वहिनींनी दिघ्याहून दुसरी मादी आणली, नवी पेटी टांगली, नातीला पहिलं पिल्लू कबूल केलं. सहा महिने गेले. नर मादीपासून लांब, पिंजऱ्याच्या खालच्या तारेला लटकून बसायचा. माझे बेंगलीज खाली चिवचिवले की कान द्यायचा.

शेवटी वहिनी त्याला छोट्या पिंजऱ्यात घालून माझ्याकडे घेऊन आल्या. मी तो बेंगलीजच्या शेजारी ठेवला. त्यानं माझ्या म्हाताऱ्या, पिसं विरळ झालेल्या मादीकडे पाहिलं, ताठ उभा राहिला, मान खाली घातली आणि उड्या मारत गायला लागला. गोल्डियनचं गाणं इतकं बारीक असतं की चोच हलताना दिसते, आवाज जेमतेम येतो. आम्ही दोघी श्वास रोखून ऐकत होतो.

"राहू दे ताई, तुमच्याकडेच," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "इथं तरी खूश आहे."

ज्याच्यासाठी मी वर्षभर जळत होते तो पक्षी आता माझा होता. मला आनंद झाला, आणि झाला म्हणून स्वतःची किळस आली. सगळं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलंही.

तेवढ्यात वहिनीच म्हणाल्या, "माझंच चुकलं हो. तुम्ही एवढं केलंत, मीच वेळेवर मागून न्यायला पाहिजे होती पिल्लं."

मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "असू द्या हो वहिनी, होतं असं."