नारळ फुटेपर्यंत बंद

शहागंजात पुरुषांना कुठंही उभं राहता येतं. भिंत असली की झालं. बायकांनी मात्र सकाळी घरून निघताना उरकून यायचं आणि पुढचं संध्याकाळी घरी गेल्यावर. बाजारात दिवसभर बसणाऱ्या बायका पाणीच पीत नाहीत, हे मला लग्न होऊन इथल्या गल्लीत आल्यावर कळलं. सासऱ्यांच्या पिठाच्या गिरणीवर मी बसायला लागले होते. भर उन्हात गंगापूरकडून, पैठणकडून भाजी घेऊन आलेल्या बायकांपुढं मी तांब्या धरायची. त्या ओठ ओले करून तो परत द्यायच्या. मला आधी वाटलं, जात विचारायला संकोचतात. तसं काही नव्हतं. जायला जागा नव्हती.

गिरणीसमोर बांगड्यांचा हातगाडा लावणाऱ्या बाईंना सगळी गल्ली खाला म्हणायची, हिंदूही आणि मुसलमानही. त्यांना मुतखडा झाला. डॉक्टरनं बजावलं, दिवसभर पाणी पीत राहा, नाहीतर मूत्रपिंड जाईल. खाला मला म्हणाल्या, "वैनी, डाक्टर बोले पानी पीव. पी लेती मैं. फिर जाऊँ किधर, उनके दवाखाने में?" त्यांचं घर दूर होतं. गाडा टाकून गेलं की गिऱ्हाईक जातं.

तशी गल्लीच्या तोंडाला बायकांची एक मुतारी होती. पोलीस ॲक्शननंतर कधीतरी बांधलेली, असं सासरे सांगायचे. मी पाहिली तेव्हा तिचे पत्रे उडालेले होते, दार चोरीला गेलं होतं आणि आत आजूबाजूच्या दुकानांचा कचरा गुडघाभर साचला होता. वॉर्ड ऑफिसात आम्ही किती खेटे घातले ते सांगण्यात अर्थ नाही. प्रस्ताव वर गेलाय, असं उत्तर मिळायचं. वर म्हणजे कुठं, ते कुणी सांगितलं नाही. एकदा एक साहेब पाहणीला आले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "इथल्या लोकांना स्वच्छतेची सवयच नाही." ज्या बायका घागरभर पाण्यात अख्खं घर लख्ख ठेवतात, त्यांच्यासमोर उभं राहून म्हणाले. आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा सोडणारं ऑफिस त्यांचंच.

मग आम्हीच करायचं ठरवलं. गल्लीत बायकांची भिशी होती. खाला, मी, सिंधी कापडवाल्याची बायको, महापालिकेत झाडूकाम करणारी आमची बौद्ध शेजारीण, आणि एक जैन आजी, ज्या कुणाच्या घरचं पाणी घेत नसत पण भिशी चुकवत नसत. त्या खेपेची भिशी कुणी उचलली नाही. ती मुतारीला लागली. कचरा आम्ही उपसला. पत्रे, टाकी, नळ झाले. कोपऱ्यावरच्या वेल्डरनं लोखंडी चौकट आणि दार करून दिलं. पुरुष आधी हसत होते, नंतर विटा उचलायला आले.

साफसफाई कोण करणार, यावर गिरणीत बैठक बसली. सगळ्यांच्या नजरा झाडूकाम करणाऱ्या शेजारणीकडं वळल्या. त्या नजरांचा मला अजून संताप येतो. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघता? शहर झाडते त्याचा पगार घेते मी. हितं मी मुतायला येणार हाय, तुमच्यासारखीच."

कुणी पदर नीट केला, कुणी चप्पल शोधली. आजी म्हणाल्या, "भिशीच्या डब्यात चिठ्ठ्या टाका. माझीही टाका." आजींच्या पाळीला त्यांची सून यायची. नाक मुरडत यायची, पण यायची.

इथवर सगळं आमच्या हातात होतं. चूक पुढं झाली, आणि ती आमच्याच लोकांना शोभणारी चूक होती. आमच्याकडं हापशाला नवा दांडा बसवला तरी नारळ फोडायला मोठा माणूस लागतो. आपलं आपण सुरू केलं तर ते सुरू झालंय असं कुणालाच वाटत नाही. खालांचंही मत तेच पडलं. "बड़े आदमी का हाथ लगा तो फिर कोई तोड़ता नै." सगळ्याजणी मिळून नगरसेवकाला बोलवायला गेलो. त्यानं चहा पाजला, "वा, वा, माता-भगिनींनी करून दाखवलं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला वॉर्ड ऑफिसचं कुलूप होतं आणि वर नगरसेवकाच्या फोटोचा फ्लेक्स. कुलूप लावणारा माणूस तिथंच उभा होता. मंत्रीसाहेबांची वेळ घेतोय, म्हणाला. तोवर वापरायचं नाही, घाण होईल.

"अहो, मुतारी आहे ती, देवघर नाही," मी म्हणाले.

"ताई, उद्घाटन झाल्याशिवाय ती मुतारी धरता येत नाही."

आषाढ गेला, श्रावण गेला. मंत्र्यांना वेळ मिळेना. फ्लेक्सवरचा चेहरा पावसानं पांढरा पडला. टाकी भरलेली, नळ नवे, आणि बायका पुन्हा दिवसभर कोरड्या घशानं. खालांनी उद्घाटनाच्या भरवशावर मोठी बाटली विकत आणली होती. ती गाड्याखाली भरलेलीच राहायची. भाद्रपदात एका दुपारी त्या कळ येऊन गाड्यावरच कोसळल्या. बांगड्या रस्ताभर झाल्या. रिक्षात घालून आम्ही त्यांना घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. परतल्या तेव्हा चेहरा उतरला होता आणि बोलणं कमी झालं होतं.

त्या परतल्या त्याच संध्याकाळी सगळे मुतारीपुढं जमले. कुलूप तोडावं असं प्रत्येकाला वाटत होतं. वेल्डर म्हणाला, "सरकारी कुलूप हाय. तोडलं की केस."

शेजारणीनं विचारलं, "कुलूप सरकारचं. दार कुणाचं?"

"आपलं."

"आन् चौकट?"

वेल्डर छिन्नी आणायला गेला.

चौकट दारासकट, कुलपासकट भिंतीतून उपटली. त्या जागी मी गिरणीतल्या पोत्यांचा पडदा शिवून लावला. दुसऱ्या दिवशी ते बंद दार हातगाड्यावर घालून आम्ही वॉर्ड ऑफिसात नेलं आणि साहेबांच्या टेबलाला टेकवून उभं केलं. मी म्हणाले, "तुमचं कुलूप. शाबूत आहे, बघून घ्या."

"हा सरकारी कामात अडथळा आहे," साहेब म्हणाले.

शेजारीण म्हणाली, "सरकारी काम कुठं चाललंय तेवढं दाखवा साहेब, मी बाजूला व्हते."

दार तिथंच राहिलं. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय उभं केलंय. उत्तर देऊन ऑफिस कंटाळलं असावं, कारण थोड्या दिवसांनी दार महापालिकेच्या गाडीतून परत आलं. कुलूप काढून घेतलं होतं. वेल्डरनं पुन्हा बसवताना मी त्याला बाहेरचा कोयंडा कापून टाकायला सांगितला. कडी ठेवली ती फक्त आतून.

मंत्री आलेच नाहीत. निवडणूक तोंडावर आली तसा नगरसेवक स्वतःच आला, फोटोवाले घेऊन. भिंतीवर आधीच फरशी चिकटवली होती, 'यांच्या अथक प्रयत्नांतून' अशी. आमच्यातल्या एकीचंही नाव त्यावर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मुतारीवर नाव कोरून घ्यायची आमच्यापैकी कुणाला हौसही नव्हती. पण राग आला. उंबऱ्यावर नारळ फुटला. फोटोसाठी त्यानं दार ढकललं. ते हललं नाही. त्यानं पुन्हा ढकललं.

"कोण आहे आत?" त्याच्याबरोबरचा एकजण ओरडला.

आतून खालांचा आवाज आला, घाई नसलेला. "ठहरो जी. अभी तो बैठी."

हार घातलेला माणूस, फोटोवाले, वॉर्ड ऑफिसचे साहेब, सगळे दारापुढं उभे राहिले. बायका वर्षानुवर्षं थांबल्या तेवढे नाही. पण थांबले.