औषध म्हणून आणलेली सून

जामखेडकडच्या त्या गावात मला सून म्हणून नेलं, असं माझ्या माहेरच्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात मला औषध म्हणून नेलं होतं. आमचे हे बांगलादेशच्या लढाईहून अंगावर ओरखडासुद्धा न येता परतले होते. पण कुठे मोठा आवाज झाला की जमिनीवर पालथे पडायचे आणि मग दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. त्यात दुष्काळ. जो तो आपली विहीर खोल करत होता आणि शिवारात रोज सुरुंगाचे बार उडत होते. वडिलांना मात्र एवढंच सांगण्यात आलं होतं, की मुलगा शांत स्वभावाचा आहे.

माझ्याआधी बरेच इलाज होऊन गेले होते. सासूबाईंचा विश्वास देवऋष्यावर. त्याने अंगारा लावला, लिंबं उतरवली आणि माणसांनाच खायला नव्हतं अशा दिवसांत एक कोंबडा नेला. मास्तर असलेल्या चुलतसासऱ्यांनी ह्यांना नगरच्या एका डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांनी हे दिवसासुद्धा इतके गाढ झोपू लागले की बार ऐकूच येईना, आणि मास्तर गावभर सांगत सुटले, माणूस बरा झाला! गोळ्या संपल्या तसे मास्तरही दिसेनासे झाले. मग गावातल्या पेन्शनर हवालदारांनी ह्यांना बार उडताना थेट विहिरीजवळ उभं केलं. म्हणे सवय व्हायला पाहिजे. त्यानंतर हे गोठ्यातून बाहेरच येईनात. "इलाज बराबर हाय, मानूसच कच्चा हाय," असा निकाल हवालदारांनी दिला.

ह्या मंडळींचं एकमेकांशी जराही पटत नव्हतं. एकमत झालं ते एकाच गोष्टीवर, लग्न लावून द्या.

ह्या इलाजाला पथ्य नव्हतं, कोंबडाही लागत नव्हता. औषधाने काय करायचं ते मात्र मला कुणी सांगितलं नाही. मी भाकऱ्या थापत होते, लांबून पाणी आणत होते. गुण काही येईना. तेव्हा सासूबाईंनी देवऋष्याला बोल लावला नाही की हवालदारांना. "हिचा पायगुनच न्हाई," म्हणाल्या आणि पोरगी घेऊन जा असा माझ्या वडिलांना निरोप धाडला.

तो राग अजून गेलेला नाही माझा. नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरला माहेरी कालव्याचं पाणी होतं, पोटभर भाकरी होती, पण तिथे मी नवऱ्याने टाकलेली म्हणून जगणार होते. आणि खरं सांगायचं तर तो गप्प माणूस मला आवडू लागला होता. मी पाण्याहून आले की तो निमूट माझा हंडा उतरवून घ्यायचा.

वडील न्यायला आले. हे माझी ट्रंक खांद्यावर घेऊन एसटीच्या रस्त्यापर्यंत पोचवायला निघाले. वाटेत एका विहिरीवरून "बार हाऽय!" अशी आरोळी आली आणि पाठोपाठ बार उडाला. ट्रंक टाकून हे ढेकळांत पालथे पडले. विहिरीवरची माणसं हसायला लागली. ते हसणं मला सहन झालं नाही. मी नव्या लुगड्यानिशी ह्यांच्या शेजारी पालथी पडले. दुसरा बार झाला तेव्हा ह्यांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि तिथेच घट्ट राहिला. लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांनी आपणहून मला हात लावला होता, तोही माझ्या बापासमोर.

धुरळा बसल्यावर हे उठले आणि विहिरीकडे गेले.

"बार उडवायच्या आदी घरी सांगावा धाडत जावा," हे त्या माणसांना म्हणाले. "आमच्या हिला भ्या वाटतं."

वडील माझ्याकडे बघत राहिले. आपली पोरगी कशालाच भीत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"तुला भ्या वाटतं व्हय गं?"

"लई," मी म्हणाले आणि ट्रंक उचलून परत घराकडे वळले.