बाळंतिणींची गुहा

गुहेत शिरण्याआधी सिस्टर काकू हातातल्या बांगड्या काढून रुमालात बांधायच्या. किणकिण नको म्हणून. परभणीच्या एका दवाखान्यात त्या जन्मभर बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होत्या, सवय तेव्हाची. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळ धरतात, यांनी गुहा धरल्या. चारठाण्याच्या पुढे डोंगरात एक गुहा आहे. सुट्टी आली की गल्लीतल्या आम्हा सात-आठ जणांना जीपमध्ये कोंबून त्या तिकडे न्यायच्या.

बाहेरची गुहा ऐसपैस. तिच्या टोकाला सरपटत पार करायची एक चिंचोळी फट, आणि पलीकडे छतभर वटवाघळं लटकलेली मोठी खोली. पहिल्या खेपेला मी त्या फटीत अडकून रडकुंडीला आले. पलीकडून काकूंचा आवाज आला, "पोट आत घे, भीती बाहेर सोड. घाई न्हाई. मी बसलेय की हितंच." वडील गेल्यापासून मी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. त्या दिवशी, त्या अंधारात, कितीतरी महिन्यांनी मी मोकळी हसले.

ती खोली काकूंना फार प्रिय होती. "जन्मभर रडणंच ऐकलं गं," त्या म्हणायच्या, "हितं कान निवतात."

एका मे महिन्यात नव्याने आलेल्या एका पाहुण्याने आत फ्लॅश मारून फोटो काढला. सगळं छतच फडफडत उठलं. शांत झाल्यावर पाहिलं तर खाली दोन-तीन पिल्लं पडलेली, उघडी-नागडी, बोटाएवढी. काकूंनी ती कापडाने अलगद उचलून भिंतीच्या खडबडीत दगडाला लावली आणि आम्हाला बाहेर काढलं. मग म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत जत्रा भरवायलोत आपण."

पुढच्या उन्हाळ्यात संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी बसून राहिलो. चार-दोन वटवाघळं बाहेर पडली, बस. काकूंनी आमच्यासाठी आतली खोली बंदच केली.

आमच्यातला विनायक भडकला. "नाद तुमीच लावला ना काकू? गुहा काय एकट्या वटवाघळांचीच हाय?"

"आपली बी हाय. बाहेरची आपली. थोडे जण जाऊ, शेकोटी न्हाई, आरडाओरडा न्हाई. आतली त्यांची."

"कुठवर?"

"त्या बाळंतिणी परत येईस्तोवर."

विनायक निघून गेला, त्याच्यामागे निम्मा ग्रुप गेला. काकूंना ते फार लागलं. पण त्यांनी शब्द बदलला नाही. स्वतःही कधी फटीपलीकडे गेल्या नाहीत. दर उन्हाळ्यात आम्ही दोघी मात्र गुहेच्या तोंडाशी जाऊन बसायचो.

आणि एका वर्षी वटवाघळं आली. धुराचा लोट निघावा तशी, डोक्यावरून, संपता संपेनात. मी तिथूनच विनायकला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः जीप घेऊन आला, काकूंच्या शेजारी दगडावर बसला, आणि सगळी निघून जाईपर्यंत वर बघत राहिला.

"दिवाळीनंतर तुमाला आत नेतो काकू. उचलून नेतो."

काकू हसल्या. "हे गुडघे आता त्या फटीतून जायचे न्हाईत रे. पिल्लं उडाय लागली की तुमी जा. कमी जा, अन् हळू जा."

त्या पावसाळ्यात काकू गेल्या.

दिवाळीनंतर मी, विनायक आणि जुन्या ग्रुपमधला आणखी एक जण, असे तिघेच गेलो. फटीतून पार झालो आणि विनायकने बॅटरी विझवली. वर बारीक कुजबुज चालली होती. थोड्या वेळाने अंधारात विनायकचा अगदी हलका आवाज आला, "चला. झोपू द्या त्यांना."